शुक्रवारचं शिकागो

एप्रिल सरत आला की दुपारी तीनच्या सुमारास आमच्या नाशकातल्या इमारतीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवरून वारा उठतो आणि माती थेट चौथ्या मजल्यापर्यंत येते. माझी पत्नी सुधा तेव्हा उठते, एक जुना टॉवेल ओला करून पिळते आणि बाल्कनीच्या दाराखालच्या फटीत दाबून बसवते. शेजारच्या बाई एकदा म्हणाल्या, "काकू, एवढ्याशा धुळीला एवढा बंदोबस्त?" सुधा नुसती हसली. तिचे हात अजून कुवेतमध्येच आहेत.

कुवेतमध्ये धुळीच्या वादळाला तोज म्हणतात. मे-जूनमध्ये ते यायचं. आधी क्षितिज नाहीसं व्हायचं, मग समोरची इमारत, मग खालच्या रांगेतल्या लांबलचक अमेरिकन गाड्या. भर दुपारी घरात फिकट नारिंगी उजेड पसरायचा, जुन्या फोटोत बसल्यासारखं वाटायचं. दारं-खिडक्या बंद, फटींत ओले टॉवेल, एसीची घरघर. तरीही धूळ आत यायचीच. खुबूसचा, म्हणजे तिथल्या रोटीचा, घास दाताखाली करकरायचा. उशीवर डोकं ठेवलं तर सकाळी डोक्याच्या आकाराचा स्वच्छ गोल उरायचा, बाकी अभ्रा पिवळा.

तोजच्या दिवसांत बाहेर जाण्याची सोय नसे, म्हणून लोक एकमेकांच्या घरी जमत. शुक्रवारी सुट्टी. सलवा भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दुपारच्या जेवणानंतर पंधरा-वीस मराठी माणसं दाटीवाटीने बसायची. भिंतीवर सुधाची पांढरी चादर ताणून लावलेली असायची. मी प्रोजेक्टर सुरू करायचो आणि चादरीवर शिकागो उमटायचं.

आमच्या त्या वेळच्या मंडळींनी आता, बहुतेक जण ऐंशीच्या आगेमागे असताना, एक स्मरणिका काढायचं ठरवलं आहे. संपादन पाटकीकडे आहे. हा पाटकी मूळचा पुण्याचा, पेट्रोकेमिकलमधला इंजिनियर, आमच्या घोळक्यातला सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने फोन केला. "शिकागोकर, तुझ्या त्या स्लाइड शोवर तूच लिही. लोकांना अजून आठवतोय." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर सुधा म्हणाली, "आता तरी खरं लिहा."

तर खरं लिहितो.

मी रक्त तपासणीची यंत्रं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ होतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या इस्पितळात एक नवं अमेरिकन यंत्र आलं आणि ते शिकून घ्यायला मला सहा आठवडे तिकडे पाठवलं गेलं. कारखाना इंडियाना राज्यातल्या एका लहान गावात होता. गावाच्या चारी बाजूंना मका. मोटेलसमोर एक पेट्रोलपंप, त्यापलीकडे एक लॉन्ड्री, त्यापलीकडे पुन्हा मका. संध्याकाळी मी रस्त्याच्या कडेने चालायला निघालो की गाड्या थांबायच्या आणि लोक काळजीने विचारायचे, "गाडी बंद पडली का?" त्या गावात कारणाशिवाय कुणी चालत नसे.

परतीच्या वाटेवर शिकागोत मला एक पूर्ण दिवस मोकळा मिळाला. हॉटेल शहराच्या मध्यावर, एकोणिसाव्या मजल्यावरची खोली. कारखान्यातल्या लोकांनी निघताना मला बजावलं होतं की एकट्याने फिरू नकोस, पासपोर्ट खिशात ठेवू नकोस, कुणाच्या नजरेला नजर देऊ नकोस. सकाळी मी बूट घातले, लिफ्टने खाली आलो, फिरत्या दरवाज्यापर्यंत गेलो. बाहेर माणसांचा लोंढा वाहत होता. मी तिथे दहा मिनिटं उभा राहिलो आणि परत वर गेलो. दुपारी पुन्हा तसंच. संध्याकाळी तळमजल्यावरच्या दुकानातून शहराच्या तयार स्लाइड्सचं एक पाकीट घेतलं. चोवीस स्लाइड्स. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या गाडीने विमानतळावर.

सुधाला हे मी घरी पोचलो त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "त्यात लाज कसली? मीसुद्धा गेले नसते." पण पहिल्या शुक्रवारी पाटकीने विचारलं, "काय रे, त्या सगळ्यात उंच टॉवरवर चढलास की नाही?" आणि पंधरा तोंडं माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "चढलो तर!" सुधा पोहे वाढत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग तिने पुढची बशी भरली.

खोटं एकदा बोललं की त्याला भाडेकरूसारखं घरात ठेवावं लागतं. दर शुक्रवारी माझ्या शिकागोत नवी भर पडू लागली. इस्पितळाच्या लायब्ररीत जुनी अमेरिकन मासिकं होती, ती मी वाचायचो. सरोवराकाठचा वारा, डोक्यावरून जाणारी रेल्वे, जिना चढून गाठायचे तिचे फलाट, दुकानांच्या काचेतली नाताळची सजावट. मी गेलो होतो सप्टेंबरात, पण नाताळसुद्धा सांगितला. कुणी तारखा जुळवत बसलं नाही.

तोजच्या दिवसांत प्रोजेक्टरच्या झोतात खोलीतली बारीक धूळ तरंगताना दिसायची. सहा वर्षांची माझी मुलगी मधुरा एकदा चादरीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, इज इट स्नोइंग देअर?" सगळे हसले. पाटकी म्हणाला, "कार्टे, मराठीत विचार, म्हणजे बर्फ पडेल." खरंच तसं दिसत होतं. इमारतींवर, पुलावर, निळ्या सरोवरावर कुवेतची माती भुरभुरत होती आणि आम्ही सगळे तो बर्फ बघत होतो.

आम्हाला त्या शहरांचं एवढं वेड का होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. पाटकी तेव्हाही वाद घालायचा. "अरे, इथे काय कमी आहे? पेट्रोल पाण्याच्या भावात, कर नाही, दुकानात डेन्मार्कचं लोणी. उंच इमारती तर इथेही आहेत. कशाला पाहिजे ते शिकागो?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कुवेतने आम्हाला खूप दिलं. माझं नाशकातलं घर, बहिणींची लग्नं, सगळं त्या वाळूतून उभं राहिलं. पण तिथे माणसाला हरवता येत नसे. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, खिशात असेल तोवर तुम्ही तिथले. तो कुणाच्या नावावर आहे, कुठल्या इमारतीत राहता, कुठे काम करता, हे सगळ्यांना माहीत. वीस वर्षं राहिलात तरी पाहुणे, आणि पाहुण्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. आपल्या गावीही तसंच, कारण वेगळं एवढंच. तिथे अमक्याचा मुलगा, तमक्याची सून. या दोन्ही लक्ष ठेवणाऱ्या डोळ्यांपासून लांब, जिथे कुणीच कुणाला विचारत नाही की तू कोण, असं एखादं प्रचंड शहर आहे ही कल्पनाच थंडगार पाण्यासारखी होती. अमेरिकेतल्या गावात मी चाललो तर गाड्या थांबत होत्या. शहरात माझ्यासाठी कुणीही थांबलं नसतं. त्याची मला भीती वाटली आणि त्याचंच मी आयुष्यभर कौतुक केलं. दोन्ही खरं आहे.

आज आमच्या व्हॉट्सॲप गटावर कुणी ना कुणी लिहितं की अमेरिकेतली मोठी शहरं म्हणजे गोळीबार, घाण आणि एकटेपणा. असेलही. पण एकटेपणा फुकट मिळतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी मागून पाहिलेला नसतो. इंदूने मागितला होता.

इंदू मालवणकडची. जाब्रियाजवळच्या एका इस्पितळात परिचारिका. तिशी ओलांडलेली, अविवाहित, हसली की तोंडावर हात ठेवायची. सात वर्षं ती परिचारिकांच्या हॉस्टेलमध्ये राहत होती. सकाळी हॉस्टेलची बस इस्पितळात नेणार, संध्याकाळी परत आणणार. शुक्रवारी आमच्याकडे यायचं तर पाटकीने गाडी घेऊन जायचं, दारावरच्या हारिसने, म्हणजे राखणदाराने, वहीत वेळ लिहायची आणि विचारायचं, "किधर? किसका घर? कब वापस?" ती एकदा सुधाला म्हणाली, "वहिनी, सात वर्षांत मी एकटी एक रस्ता चालले नाही. पाय आहेत हे वॉर्डमध्येच कळतं."

परदेशी परिचारिकांची परीक्षा ती पास झाली होती आणि शिकागोच्या एका इस्पितळाने तिला बोलावलं होतं. इकडे मालवणला तिच्या भावाने तिच्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलं होतं. आई थकली होती. भावाचं म्हणणं, तू आता परत ये. इंदूचं म्हणणं, एकदा जाऊन बघते. शेवटी भावाने तिला लिहिलं की तिथे राहून आलेल्या एखाद्या जाणत्या माणसाने हमी दिली तर मी आड येणार नाही.

तिच्या ओळखीत तिथे राहून आलेला माणूस मीच.

त्या शुक्रवारी तोज होतं. बाकीचे निघून गेले होते, पाटकी गाडीची काच पुसायला खाली गेला होता. इंदू चादरीची घडी घालायला सुधाला मदत करत होती. घडी हातातच ठेवून तिने विचारलं, "भाऊ, मस्करी नाही, खरं सांगा. एकट्या बाईला तिथे राहता येईल?"

सांगून टाकायची ती वेळ होती. सुधा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "येईल."

"तुम्ही कशावरून सांगता?"

"मी पाहिलंय."

एवढं मात्र खोटं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी मी एकोणिसाव्या मजल्याच्या खिडकीला नाक लावून उभा होतो. खाली बसथांब्यावर एक बाई उभी होती, तपकिरी कोट, हातात पुस्तक. एक बस आली, ती चढली नाही. दुसरी आली, ती चढली नाही. बहुधा पुस्तकातलं प्रकरण संपवायचं होतं. तिच्या आजूबाजूने शेकडो माणसं गेली आणि एकानेही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. अंधारायला लागल्यावर तिने पुस्तक मिटलं आणि आलेल्या बसमध्ये चढली. मी फिरत्या दरवाज्याबाहेर पडू शकलो नव्हतो आणि ही बाई चौकात उभी राहून वाचत होती. त्या शहराबद्दल मला खरोखर माहीत असलेली गोष्ट तेवढीच. ती सांगितली असती तर पुरली असती.

पण मी तिच्या भावाला दोन पानी पत्र लिहिलं. 'मी स्वतः त्या भागात राहिलो आहे. इस्पितळापासून सरोवर चालत दहा मिनिटांवर आहे. थंडी असते, पण कोरडी, सोसण्यासारखी. आपली माणसं पुष्कळ आहेत. बहिणीला निर्धास्त पाठवा.' यातलं एकही वाक्य मला माहीत नव्हतं. भावाचं उत्तर आलं: 'तुमच्या शब्दावर पाठवतो.'

ऑगस्टमध्ये ती गेली. तिचं पहिलं पत्र उत्साहाने फुललेलं होतं. ती चालत होती. कामावरून घरी चालत, घरून दुकानात चालत, कधी नुसतंच चालत. 'भाऊ, काल दोन तास फिरले. कुणी विचारलं नाही कुठे चाललीस म्हणून. घरी येऊन रडले, पण आनंदाने.' मी उलट टपाली उत्तर पाठवलं, भरघोस सल्ले देऊन.

दुसरं पत्र जानेवारीतलं होतं. 'तुम्ही म्हणालात थंडी सोसण्यासारखी. बसची वाट बघताना डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठतं. हातमोज्यांत बोटं आहेत की नाहीत कळत नाही. तुम्ही कुठल्या प्रकारचा कोट वापरायचात? तुम्ही राहिलात ती गल्ली कुठली ते कळवा, सुट्टीच्या दिवशी जाऊन बघेन म्हणते. इथे ओळखीचं काहीच नाही, निदान तुमची जागा तरी.'

ते पत्र घेऊन मी आठवडाभर बसलो. कुठली गल्ली लिहू? सुधा म्हणाली, "खरं लिहून टाका ना. ती काय खाणार आहे तुम्हाला?" मी म्हटलं, "लिहितो." तीन कागद फाडले. मग कामं निघाली. मग मार्च आला.

तिसरं पत्र मे महिन्यात आलं, पुन्हा तोजच्या दिवसांत. टपाल पेटीतून काढलं तेव्हा त्यावरही धूळ होती. आई गेली होती. कागदपत्रांच्या अडचणीमुळे इंदूला जाता आलं नव्हतं. 'तुमचं उत्तर आलं नाही. पत्ता बदलला का? वहिनींना नमस्कार.' एवढंच. सुधाने ते वाचून माझ्यासमोर ठेवलं. "आज लिहा," ती म्हणाली. "देतो, देतो उत्तर," मी म्हटलं. त्यानंतर चौथं पत्र आलं नाही.

माणूस मोठ्या पापांनी मोडतो असं म्हणतात. मी तर एका न लिहिलेल्या पत्राखाली चाळीस वर्षं वाकून चाललो. स्लाइड शो हळूहळू बंद पडले. लोकांकडे व्हिडिओ आले. ऐंशीचं दशक संपायच्या आत आम्ही कुवेत सोडलं. प्रोजेक्टर कुणाला दिला तेही आठवत नाही. चोवीसपैकी एकही स्लाइड माझ्याकडे नाही.

गेल्या वर्षी पाटकीने गटात एक नवा नंबर जोडला आणि लिहिलं, 'ओळखा पाहू!' पांढऱ्या केसांची एक बाई, मागे सरोवर. तोंडावर हात. इंदू अजून शिकागोतच होती. लग्न केलं नाही. तिथेच निवृत्त झाली. सगळ्यांनी फुलं आणि हात जोडलेली चित्रं पाठवली. मी काहीच पाठवलं नाही.

हे सगळं तिला आधी न सांगता हा लेख पाटकीकडे देणं मला योग्य वाटेना. परवा सकाळी आठ वाजता मी तिला फोन लावला. तिच्याकडे आदली रात्र होती.

"भाऊ?" ती ओरडलीच. "अगोबाई! वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे. इंदू, मला एक सांगायचंय. मधे बोलू नकोस. मी शिकागोत राहिलो नव्हतो. एकच दिवस होतो, हॉटेलच्या खोलीत. खाली रस्त्यावरसुद्धा उतरलो नाही."

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"का नाही उतरलात?"

"भीती वाटली."

ती सावकाश म्हणाली, "पहिल्या जानेवारीत मी बसथांब्यावर उभी राहून तुम्हाला शिव्या घालायचे. म्हणायचे, सोसण्यासारखी म्हणे! आणि मग म्हणायचे, भाऊंनी काढले ना दिवस, मग मला काय धाड भरलीये? त्याच्यावर मी तो हिवाळा काढला. म्हणजे मी तिथे एकटीच होते म्हणायची."

"हो."

"बरं झालं तेव्हा कळलं नाही. परत गेले असते." ती थांबली. "मला इथे आल्याचा पश्चात्ताप नाही, भाऊ. एक दिवसही झाला नाही. त्याचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण आई गेली तेव्हा..." आणि इतक्या वर्षांची शहरी मराठी बाजूला सारून ती एकदम मालवणीत आली. "येक चिठी तरी धाडूक होयी होती. चार वळी. त्येका काय शिकागो बघूक लागणा नव्हता."



"चुकलो," मी म्हटलं.

"चुकलातच," ती म्हणाली. स्वयंपाकघराच्या दारात सुधा उभी होती.

मग इंदूनेच विचारलं, "छापणार हे?"

"तू म्हणशील तर."

"छापा. नाव बदलू नका. आणि शिकागो बघायला या. मे-जूनमध्ये येऊ नका, तेव्हा काय, सगळेच येतात. जानेवारीत या. थांब्यावर घेऊन जाते तुम्हाला."

सुधाने मला वेड्यात काढलं. डॉक्टरांनी काढलं. पाटकी म्हणाला, "म्हाताऱ्या, तिथे नाक गळून पडेल तुझं." पण मी मधुराला सांगितलं की व्हिसाचा अर्ज भर. ती आता पन्नाशीकडे झुकली आहे, पुण्याहून मुद्दाम आली. काल दुपारी लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली आणि एकेक प्रश्न वाचू लागली. नाव. जन्मगाव. वडिलांचं नाव.

"यापूर्वी अमेरिकेत गेला होता का? हो, हे मला माहितीये," म्हणत तिने स्वतःच खूण केली. "कुठे आणि किती दिवस?"

"इंडियाना, सहा आठवडे."

तिने ते लिहिलं. "आणि शिकागो?"

"एक दिवस."

तिची बोटं थांबली. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"एकच?"

"एकच," मी म्हटलं. "लिही."